मिस ओरेथा पंपावरच थांबतात

कॉर्डेल हरवला तेव्हा मी पहिल्यांदा मिस ओरेथांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसले. हरवला म्हणजे खरंच हरवला. कोर्टात सात वर्षांची शिक्षा झाली, आमच्याकडे बघून त्याने खांदे उडवले, आत गेला, आणि त्यानंतर तीन आठवडे माझा सख्खा भाऊ या जगात कुठे आहे हे आम्हाला कोणी सांगेना. काउंटीच्या जेलला फोन केला तर ते म्हणाले, इथून हलवलं. कुठे हलवलं? ते आम्ही सांगत नाही. वकील फोन उचलेना. मामा, म्हणजे आमची आई, आम्ही तिला मामाच म्हणतो, रोज सकाळी कामावर जायच्या आधी सरकारच्या वेबसाइटवर त्याचं नाव टाकायची आणि रोज तेच यायचं, अशी कोणी व्यक्ती नाही. मी रडून रडून अर्धी झाले होते. मामा रडत नव्हती, ती भांडी घासत होती, घासलेलीच परत.

शेवटी मामा म्हणाली, "जा, सिस्टर ओरेथाकडे जा. तिला कळतं यातलं."

आमच्या चर्चमध्ये बायकांना सिस्टर म्हणतात, आणि या सिस्टरला यातलं कळतं हे सगळ्यांना माहीत होतं. कुणाच्या घरचा माणूस फेडरलवाल्यांनी, म्हणजे केंद्र सरकारच्या पोलिसांनी, उचलला की पास्टर प्रार्थना करायचे आणि प्रार्थना झाली की हळूच म्हणायचे, सिस्टर ओरेथा गेन्सना भेटा. आमच्या इंडियनोला गावात प्रार्थनेनंतर भेटायला सांगतात अशा दोनच बायका, एक केक करणारी आणि एक मिस ओरेथा.

त्या दारातच म्हणाल्या, "डोळे पूस आधी. काय नाव टाकता तुम्ही?"

"कॉर्डेल."

"जन्माच्या दाखल्यावर काय आहे?"

मला माहीत नव्हतं. मी मामाला फोन केला. दाखल्यावर होतं जॉन कॉर्डेल, आजोबांवरून, आणि जॉन म्हणून त्याला आयुष्यात कुणी हाक मारलेली नाही. मिस ओरेथांनी चष्मा लावला, त्यांची बोटं वाकडी आहेत, सत्तावीस वर्षं कॅटफिशच्या कारखान्यात गार पाण्यात मासे साफ करून करून वाकडी झालीत, त्या एकाच बोटाने टाइप करतात. टाइप केलं. आला. नाव, वय, एक आठ आकडी नंबर, आणि जागेच्या पुढे लिहिलं होतं, प्रवासात.

"प्रवासात म्हणजे?"

"म्हणजे बसमध्ये, नाहीतर विमानात, नाहीतर ओक्लाहोमात एका मोठ्या इमारतीत पुढच्या गाडीची वाट बघत. दोन आठवडे, कधी सहा. कुणाला फोन करू नकोस, ते सांगणार नाहीत, आणि तू त्यांच्यावर ओरडशील, तुझ्या तोंडाकडे बघून कळतंय. रोज सकाळी एकदा बघायचं. एकदाच. आणि हा नंबर पाठ कर."

"नंबर कशाला पाठ करायचा, लिहून घेते ना."

"पाठ कर. आता तो तुझ्या भावाचं नाव आहे. पत्रावर हा नसेल तर पत्र परत येतं. हे शेवटचे तीन आकडे बघ, कुठल्या कोर्टाने धरलं ते यावरून कळतं. आपल्याकडची सगळी पोरं शेवटच्या तीन आकड्यांत भाऊ भाऊ आहेत."

मग त्यांनी मला चहाबरोबर टी-केक दिला आणि सगळं समजावलं. आपण भेटायला जायचं म्हटलं म्हणून जाता येत नाही. आतल्या माणसाला तुमचं नाव यादीत घालावं लागतं, तो फॉर्म पाठवतो, तुम्ही भरायचा, ते तुमची चौकशी करतात, मग बोलावतात. फोन तोच करणार, आपण करायचा नाही. आधी एक रेकॉर्ड केलेली बाई बोलते, ती जाहिरात वाटून फोन ठेवायचा नाही, पाच दाबायचं. पंधरा मिनिटं मिळतात.

"आणि हे नीट ऐक," त्या म्हणाल्या. "तो बोलत असताना त्याच्या फोनला दुसरा फोन जोडायचा नाही. तुझी आजी हॉस्पिटलात असू दे, त्याचं बाळ पहिला शब्द बोलू दे, जोडायचा नाही. मशीनला कळतं. शिक्षा त्याला होते, आपल्याला नाही."

मी म्हटलं हो. सगळे हो म्हणतात.

कॉर्डेल लुइझियानात निघाला, पाइनच्या जंगलातल्या तुरुंगात, आमच्याकडून साडेचार तास. आणि तिथे मिस ओरेथांची व्हॅन जातेच. दर महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी चर्चची जुनी पांढरी व्हॅन घेऊन त्या पहाटे निघतात, सात-आठ बायका, एखादं लेकरू, एक म्हातारे मिस्टर पर्विस जे नातवाला भेटायला येतात आणि वाटभर घोरतात. तुरुंगाच्या अलीकडे दोन मैलांवर एक पेट्रोल पंप आहे, उकडलेल्या शेंगा मिळतात तिथे. तिथे मिस ओरेथा गाडी थांबवतात आणि मागचं दार उघडून एक प्लॅस्टिकची मोठी पेटी काढतात.

त्या पेटीत कपडे असतात. कारण आतल्या कैद्यांना खाकी असतं म्हणून आपण खाकी घालायचं नाही. हिरवं नाही. बाह्या नसलेलं नाही, गुडघ्याच्या वरचं नाही, टोपीचं जॅकेट नाही, बोटं दिसणारी चप्पल नाही, आणि तार असलेली ब्रा घातली तर मशीन ओरडतं. लोक साडेचार तास, कुणी नऊ तास गाडी चालवून येतात आणि दारातून परत जातात, एका पँटच्या रंगावरून. म्हणून ती पेटी. फक्त आमच्याच व्हॅनमधल्यांसाठी नाही, पंपावर जो कोणी रडका चेहरा करून परत येईल त्याच्यासाठी. सगळ्यात वर एक जांभळा स्कर्ट असतो, इलॅस्टिकचा, इतका मोठा आणि इतका जांभळा की कुणालाही होतो आणि कुणालाच शोभत नाही. चर्चच्या बिशपचा झगा असाच जांभळा असतो म्हणून व्हॅनमधल्या बायका त्याला बिशप म्हणतात.

पहिल्या वेळी मी बिशपच घातला. माझी पँट मला करडी वाटत होती.

"ही करडी आहे," मी म्हटलं.

"रंगाचं नाव सांगत बसू नकोस, पोरी. दारावरच्या माणसाने रंगांचा अभ्यास केलेला नाही. त्याला खाकी वाटलं की खाकी. चल, घाल."

मग त्यांनी आम्हाला सांगितलं, ओळखपत्र हातात, फोन गाडीत, नाणी पारदर्शक पिशवीत, आत खायच्या मशीन आहेत, तिसऱ्या मशीनमध्ये चिकनचे पंख, ते आधी संपतात, पळत जा. मिठी एकदा आल्यावर, एकदा निघताना. त्यांनी आम्हाला गेटपाशी सोडलं आणि व्हॅन वळवली.

मी व्हॅनमध्ये माझ्या मागे बसलेल्या एका बाईला विचारलं, "मिस ओरेथा येत नाहीत?"

"त्या पंपावरच थांबतात."

"का? त्यांचं कोणी नाही आत?"

ती बाई माझ्याकडे बघतच राहिली. "तिचा मुलगा आहे की आत. लाव्हेल. सात वर्षं झाली."

लाव्हेलने आईचं नाव यादीत घातलेलं नाही. सात वर्षांत एकदाही नाही. ही गोष्ट चर्चमध्ये सगळ्यांना माहीत होती आणि कुणीही मोठ्याने बोलत नव्हतं, आणि मला कळल्यावर मी अर्थातच सरळ त्यांनाच विचारलं, परतीच्या वाटेवर, त्यांच्या शेजारच्या सीटवर बसून. मला असं पोटात ठेवताच येत नाही.

त्यांनी वरचा आरसा नीट केला. मग म्हणाल्या, "दोन माणसं आली होती माझ्या घरी. टाय लावलेली, नम्र. मी त्यांना कॉफी दिली. ते म्हणाले, मॅडम, तो स्वतः आला तर सोपं जाईल त्याला, आम्ही दार तोडून घेतला तर गोळी पण लागू शकते. तो मेम्फिसला माझ्या बहिणीच्या गॅरेजवर झोपत होता. मी पत्ता सांगितला."

"मग?"

"मग काय. गोळी लागली नाही. चौदा वर्षं लागली."

"पण तुम्ही त्याला वाचवायला..."

"मला माहीत आहे मी कशाला सांगितलं. त्याला माहीत आहे मी काय सांगितलं. दोन्ही खरं आहे." त्यांनी इंडिकेटर दिला. "मी येते तिथपर्यंत. तितकंच जवळ जाता येतं मला. दोन मैल."

मी खिडकीकडे तोंड करून रडले. त्या म्हणाल्या, "नाक पूस, सीट माझी नाही, चर्चची आहे."

आता मी जे केलं ते लिहिते. लिहायला नको वाटतं.

ऑक्टोबरमधला रविवार होता, मी घरी होते, आणि कॉर्डेलचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलणं झालं, मग तो म्हणाला, "रांग लागलीय मागे. लाव्हेल उभाय, तोंड पाडून. त्याचा वाढदिवस आहे आज."

मी काही विचार केला नाही. खरंच काही नाही. मी म्हटलं, "एक मिनिट थांब, ठेवू नकोस," आणि मिस ओरेथांचा नंबर लावला आणि दोन्ही फोन जोडले. एका अंगठ्याचं काम. त्या हॅलो म्हणाल्या. मी ओरडले, "कॉर्डेल, फोन लाव्हेलला दे, त्याची मामा आहे." तो गधडा माझाच भाऊ, त्याने दिला.

"हॅलो?" एक जाड आवाज आला.

मिस ओरेथांनी त्याला घरच्या नावाने हाक मारली, "वेली?"

आणि टक्. सगळं बंद.

कॉर्डेलचा फोन तीन महिन्यांसाठी गेला. लाव्हेलचा पण. दुसऱ्याच्या फोनवर बोलला म्हणून. मामाला थँक्सगिव्हिंगला मुलाचा आवाज ऐकू आला नाही, ख्रिसमसला नाही. मामा परत घासलेलीच भांडी घासायला लागली.

मिस ओरेथा दुसऱ्या दिवशी आल्या. बसल्या नाहीत. "मी तुला पहिल्या दिवशी काय सांगितलं होतं?"

"जोडायचा नाही."

"शिक्षा कुणाला होते म्हटलं होतं?"

"त्यांना."

"मग?"

मी म्हटलं, मला वाटलं, वाढदिवस आहे, त्याला तुमचा आवाज...

"तुला वाटलं. मला पण वाटलं होतं एकदा, त्याला सोपं जाईल." त्यांनी पर्स काखेत घट्ट धरली. "दुसऱ्यांदा माझ्यामुळे त्याला शिक्षा झाली, पोरी. कॉर्डेलने सांगितलं तरी त्याला पटणार नाही फोन तू आपल्या मनाने जोडलास म्हणून. त्याला वाटणार म्हातारीनेच काहीतरी केलं."

दारापर्यंत गेल्या आणि थांबल्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आवाज जाड झालाय त्याचा. बापासारखा."

नोव्हेंबरच्या तिसऱ्या शनिवारी व्हॅन चर्चच्या एका डीकनने, म्हणजे सेवकाने, चालवली. त्याने पंपावर पेटी काढली पण कुणाला काय घालायला लावायचं ते त्याला कळेना, आणि एक बाई नऊ तास गाडी चालवून आलेली तशीच परत गेली. मिस ओरेथा आल्याच नाहीत. डिसेंबरला पण नाहीत. चर्चमध्ये म्हणायच्या, गुडघा दुखतोय.

मग मी पत्र लिहिलं. लाव्हेल गेन्स आणि त्याचा नंबर, वेबसाइटवरून काढून, दोनदा तपासून. चार पानं लिहिली, फाडली, परत एक पान लिहिलं. लिहिलं की फोन मी जोडला, तुझ्या आईने नाही, तिला आधी काही माहीतसुद्धा नव्हतं. लिहिलं की मला माफ कर, नाही केलंस तरी चालेल. आणि लिहिलं की तुला कुणी सांगितलं आहे का माहीत नाही, पण तुझी आई सात वर्षं दर महिन्याला तुझ्यापासून दोन मैलांवर पंपावर बसलेली असते, उकडलेल्या शेंगा खात. दुसऱ्यांच्या आयांना कपडे देते. लोक बाहेर आले की प्रत्येकाला विचारते, आत गरम होतं का, पोरं बारीक दिसतात का. तुझं नाव घेत नाही. पोरं म्हणते.

टाकलं पेटीत आणि लगेच वाटलं, हे पण चुकलं. हे पण मी कुणाला विचारून केलं नव्हतं.

त्याने मला उत्तर दिलं नाही. आजपर्यंत दिलेलं नाही.

जानेवारी संपताना मिस ओरेथांचा फोन आला, "घरी ये." मी धावत गेले. टेबलावर एक लिफाफा होता. आत चिठ्ठी नाही, काही नाही, फक्त तो फॉर्म. तोच, जो त्यांनी शंभर घरांत शंभर बायकांना भरायला शिकवला होता. वरचा भाग त्याने भरला होता. नातं या रकान्यात त्याने स्वतः लिहिलं होतं, आई.

"तू काही केलंस का?" त्यांनी विचारलं.

"पत्र लिहिलं."

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता परत ओरडणार. पण त्या म्हणाल्या, "पेन आण. माझी बोटं वाकडी, अक्षर पण वाकडं येतं. आणि मोठ्या अक्षरात लिही, वाचणाऱ्या लोकांकडे चष्मे नसतात."

चौकशीला पाच आठवडे लागले. मार्चच्या तिसऱ्या शनिवारी व्हॅनमध्ये कुणी घोरलं नाही, मिस्टर पर्विससुद्धा नाही. मिस ओरेथांनी नवा ड्रेस शिवून घेतला होता, गळ्याशी लेस, बाह्या मनगटापर्यंत, आणि केस केले होते. सगळ्या बायका म्हणाल्या, वा, सिस्टर ओरेथा. मी पण म्हटलं. आमच्यापैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही. आठ बायका, सगळ्यांनी कधी ना कधी बिशप घातलेला, आणि एकीच्याही नाही.

दारावरच्या ऑफिसरने वर बघितलं, खाली बघितलं. तरुण होता, वाईट नव्हता. "मॅडम, हा रंग चालणार नाही."

"कुठला रंग?"

"खाकी."

"हा शॅम्पेन रंग आहे," मिस ओरेथा म्हणाल्या.

माझ्या मागे कुणीतरी खोकलं.

"मॅडम, हा खाकी आहे."

"बाळा, दुकानात कापडावर लिहिलं होतं, शॅम्पेन. लाव्हेलच्या शाळेच्या समारंभाला मी ह्याच रंगाचा घातला होता. मुद्दाम तसाच घेतला." त्यांचा आवाज बारीक झाला होता, मी त्यांचा तसा आवाज कधी ऐकला नव्हता. "मी सात वर्षं येतेय इथे."

"आमच्या नोंदीत तुमचं नाव आजच पहिल्यांदा आहे, मॅडम."

त्या वळल्या. मी ऑफिसरला म्हटलं मी पण परत येते, मला नंतर घ्या, आणि त्यांच्या मागे धावले. व्हॅन मी चालवली, त्यांनी चावी सरळ माझ्या हातात दिली. दोन मैल त्या मांडीवर पर्स घेऊन बसल्या होत्या. मला वाटलं त्या म्हणणार, राहू दे, घरी चल. पंप आला. मी पेटी काढली.

त्या पेटीकडे बघत म्हणाल्या, "बिशप सोडून काही आहे का?"

मी उकरलं. एक काळी पँट होती, लहान मापाची. "नाही."

"नसणारच. मीच भरलीय." आणि मग त्या हसायला लागल्या, पंपाच्या भिंतीला टेकून, पोट धरून, आणि हसता हसता डोळे पुसायला लागल्या, आणि मला कळेना कुठलं काय आहे. आतून शेंगावाला बाहेर येऊन बघून गेला.

आत मी कॉर्डेलसमोर बसले होते पण खरं तर दाराकडे बघत होते. लाव्हेल चार टेबलं सोडून बसला होता, मोठा माणूस, हात मांडीवर, पाय हलवत. मिस ओरेथा आल्या. वर लेसच्या ड्रेसवर कुणाचा तरी निळा स्वेटर गळ्यापर्यंत बटणं लावून, खाली बिशप, ड्रेसचा घेर आत कोंबल्यामुळे स्कर्ट फुगलेला. चालताना त्यांनी तो एका हाताने वर धरला होता.

लाव्हेल उभा राहिला. त्याने तोंडाकडे बघितलं नाही आधी, त्याने स्कर्टकडे बघितलं.

"मामा," तो म्हणाला, "हे काय घातलंयस तू?"

"गप बस," त्या म्हणाल्या. "तुझ्याचसाठी घातलंय."

मग त्यांनी एकमेकांना धरलं. गार्डने घड्याळाकडे बघितलं आणि दुसरीकडे तोंड केलं. मी पण केलं, कारण कॉर्डेल म्हणाला, "ट्रिनिस, लोकांच्या घरात किती बघतेस गं."

थोड्या वेळाने त्या माझ्या टेबलाशी आल्या, हातात नाण्यांची पिशवी. हळूच म्हणाल्या, "तिसरं मशीन कुठून मोजायचं? दारापासून की खिडकीपासून?" सात वर्षं त्या सगळ्यांना सांगत होत्या तिसरं मशीन. त्यांना लोकांनी सांगितलं होतं. मी दाखवलं. पंख संपले होते. त्यांनी माशाचं सँडविच घेतलं, त्या मासा खात नाहीत, वासही घेत नाहीत, आणि मी बघितलं की त्याने अर्धं मोडून त्यांच्यापुढे केलं आणि त्यांनी खाल्लं.

परत येताना त्या स्वतः चालवत होत्या. बिशप अंगावरच होता. पन्नासेक मैल मागे पडले. मग मीच विचारलं, मला राहवेना.

"माफ केलं का त्याने?"

"नाही," त्या म्हणाल्या. "म्हणाला अजून राग येतो. रोज नाही म्हणाला, पण येतो. मी म्हटलं, ये म्हण रागाला. मला राग चालतो." ट्रक पुढे गेला, त्यांनी वाट बघितली. "म्हणाला पुढच्या महिन्यात ये."

"मग येणार ना?"

"गाडी मीच चालवते ना, मूर्ख मुली." जरा वेळाने त्या म्हणाल्या, "तो ड्रेस पेटीत टाकू नकोस हं. कुणीतरी घालून आत जाईल आणि परत येईल बिचारी."